दोन घमेली, शंभर पिल्लं

दहा-बारा पिल्लं सांभाळायची असतील तर पुढचं काही वाचू नका. आळीत कुणाची कोंबडी खुडूक बसलीय का बघा, चार दिवसांसाठी मागून आणा, आणि अंधार पडल्यावर एकेक पिल्लू हळूच तिच्या पोटाखाली सरकवा. दिवसाउजेडी केलंत तर टोचून हाकलेल. रात्री केलं की बहुतेक कोंबड्या सकाळी त्यांना आपलंच म्हणून डालग्याबाहेर काढतात. आमच्या आजेसासूबाईंनी आयुष्यभर हेच केलं आणि त्यांना ब्रूडर, म्हणजे बिनआईच्या पिल्लांना ऊब द्यायची सोय, हा शब्दही माहीत नव्हता.

पण हॅचरीतून खोक्यात येतात ती शंभर, वर दोन जास्तीची. मशिनमध्ये 21 दिवसांनी बाहेर पडलेली, आई कोण ते ठाऊक नसलेली. त्यांची कोंबडी आपल्याला व्हायचं असतं. मी ओतूरजवळ राहते, जुन्नर तालुका. घरी कांदा, थोडा ऊस, दोन गाई, आणि गेली सात वर्षं गावरान वळणाच्या कोंबड्यांच्या बॅचेस: कधी गिरिराज, कधी कावेरी, एकदा हौसेनं कडकनाथ. बॅच शंभर-दीडशेचीच. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांचं गणित वेगळं, त्यातलं मला कळत नाही. घरच्या घरी शंभर पिल्लं जगवायची, एवढंच सांगते.

आधी खुडूक कोंबडीकडे पाच मिनिटं बघा. ती सगळं अंगण तापवत बसत नाही. पिल्लू पोटाखाली जातं, ऊब घेतं, बाहेर येऊन चार दाणे टिपतं, गार वाटलं की परत आत. एका दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. आपल्या अंगाची ऊब त्याला धरून ठेवता येत नाही, पण कुठं बरं वाटतं ते त्याला बरोबर समजतं. म्हणून मधे गरम जागा हवी आणि कडेला गार जागाही हवी. सगळी खोली भट्टीसारखी तापवणारे आणि नुसता एक बल्ब टांगून झोपायला जाणारे, दोघंही सारखेच चुकतात. मी दोन्ही करून बसलेय.

पहिल्या वर्षी पिल्लं कांद्याच्या चाळीत ठेवली. चाळ रिकामी होती, वर पत्रा होता, चारी बाजूंनी ताडपत्री मारली, वाटलं झालं काम. कांद्याची चाळ मुळात खालून हवा खेळावी म्हणून जमिनीपासून उचललेली असते, हे रोज डोळ्यांसमोर असूनही माझ्या डोक्यात आलं नाही. तूस पसरलं, बल्ब लावले, आणि रात्रभर फटींतून खालून वारा पिल्लांच्या पायांना लागत राहिला. सकाळी कडेला एकावर एक चढलेला ढीग. वरची जिवंत, खालची दबून गेलेली. सतरा. त्यातली बरीचशी गारठून नाही, गुदमरून मेली होती.

तेव्हा पहिली गोष्ट जागा. खाली टणक, कोरडी जमीन, शेणानं सारवलेली असो नाहीतर कोब्याची. तीन बाजूंना भिंत. आता मी गोठ्याच्या पडवीतला कोपरा वापरते. उघड्या बाजूला खताच्या गोण्या शिवून केलेला पडदा आहे. हा पडदा वरून खाली उघडतो, खालून वर नाही. खाली दोन फूट पूर्ण बंद, वर हातभर फट कायम उघडी. वारा पिल्लांच्या पातळीला लागता कामा नये, पण कोंदट हवा आणि अमोनिया वरून निघून गेला पाहिजे. तुम्ही आत उकिडवे बसलात आणि डोळे चुरचुरले, तर पिल्लांचे आधीपासून चुरचुरतायत असं समजा. त्यांची नाकं तुमच्यापेक्षा जमिनीला जवळ आहेत.

पिल्लं यायच्या आठवडाभर आधी जागा झाडून, धुऊन, फिनाईल मारून कोरडी करा. मग भिंतीला आणि जमिनीला चुना. आधीची बॅच त्याच जागेत होती तर जुन्या तुसाचा एक कणही ठेवू नका. घुशी-उंदरांची बिळं बुजवा, काच कुटून घातली तर उत्तम. आमच्याकडे लोक बिबट्याला घाबरतात. बिबट्या खरोखरच फिरतो, कुत्री उचलतो. पण मोठी कोंबडी होण्याआधी माझी पिल्लं नेली आहेत ती घुशीनंच. एका रात्रीत आठ. अर्ध्या इंचाची जाळी पडद्याच्या आतून मारल्यापासून तो त्रास थांबला.

आता चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं कुंपण. ते गोल हवं, चौकोनी नको. पिल्लू घाबरलं किंवा गारठलं की कोपरा शोधतं, आणि कोपऱ्यात ढीग होतो. मी साध्या पातळ पत्र्याच्या दीड फूट उंचीच्या, 8 फूट लांबीच्या तीन पट्ट्या कापून आणल्यात. कडा कापऱ्या असतात, त्या पत्रेवाल्याकडूनच दुमडून घ्या. पहिले चार दिवस दोनच पट्ट्या जोडायच्या, टोकं थोडी एकावर एक घेऊन. म्हणजे साधारण 5 फूट व्यासाचं रिंगण होतं. जोडायला कपड्यांचे चिमटे. चौथ्या-पाचव्या दिवशी तिसरी पट्टी घालायची की रिंगण 7 फुटांचं. पत्रा नसेल तर जाड पुठ्ठा चालतो, पण तो एका बॅचचा.

खाली दोन-तीन इंच भाताचं तूस. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला भात होतो, त्यामुळे गिरणीवर मिळतं. शेंगांची फोलपटंही चांगली. लाकडाचा बारीक भुसा मात्र नको. पिल्लं तो दाणा समजून खातात, आणि धूळ उडते ती वेगळीच. तुसावर पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्र. रोज वरचा थर उचलायचा, म्हणून आधीच पाच-सहा थर अंथरून ठेवते. गुळगुळीत, चकचकीत पुरवण्या घालू नका. त्यावर पाय घसरतो, आणि एकदा पाय फाकलेलं पिल्लू परत नीट उभं राहणं कठीण. गोणपाटही नको, त्याच्या धाग्यात नखं अडकतात.

मग ऊब. सगळे यातच घोळ घालतात, म्हणून जरा थांबते.

बल्ब जुना, तारेचा, पिवळ्या उजेडाचा हवा. एलईडी नको. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण मागं एका ओळखीच्या मुलानं फोनवर विचारलं, "काकू, चार बल्ब लावलेत, लख्ख उजेड आहे, तरी पिल्लं का ओरडतात?" जाऊन बघितलं तर चारही एलईडी. एलईडी वीज वाचवतो तो नेमका उष्णता कमी टाकूनच. आपल्याला उजेड दुय्यम, उष्णता हवी. आता 100 वॅटचा साधा बल्ब दुकानात पटकन मिळत नाही. दुकानदार हसतो, मागच्या फळीवरून धूळ पुसून काढून देतो. मिळाले की सहा घेऊन ठेवा.

हिशेब साधा आहे. थंडीत एका पिल्लामागे 2 वॅट, उन्हाळ्यात 1 वॅट. शंभर पिल्लांना दोन बल्ब 100 चे. दोनशे वॅट चोवीस तास चालले की दिवसाला जवळजवळ पाच युनिट जातात, ते खर्चात धरा. एकच दोनशेचा लावण्यापेक्षा शंभराचे दोन बरे. पहाटे एक उडाला तरी दुसरा जळत असतो.

बल्ब नुसता टांगला तर अर्धी उष्णता वर पत्र्याकडे जाते. बाजारात त्यासाठी टोप मिळतात. मी बांधकामाची दोन जुनी लोखंडी घमेली घेतली, बुडाला मधोमध भोक पाडून होल्डर बसवला, आणि उलटी टांगली. होल्डर चिनी मातीचा घ्या. प्लॅस्टिकचा घमेल्यात कोंडलेल्या उष्णतेनं मऊ पडतो, आणि बल्ब थेट तुसात. तूस पेटायला काय लागतं? म्हणूनच घमेलं वायरीवर टांगायचं नाही. साखळीवर टांगायचं, आणि शिवाय एक सैल बांधणीची तार वासावर नेऊन बांधायची. साखळी सुटलीच तर तार धरेल. साखळीचा दुसरा फायदा म्हणजे एकेक कडी वर घेत उंची बदलता येते. सुरुवातीला तुसापासून सव्वा ते दीड फूट.

घमेली मधे, एकमेकांपासून दोन फुटांवर. त्यांच्याखाली ऊब, रिंगणाच्या कडेला गारवा. पाण्याची आणि खाद्याची भांडी या दोहोंच्या सीमेवर ठेवायची. बल्बच्या खाली पाणी ठेवलं तर ते तापतं आणि पिल्लं पीत नाहीत.

थर्मामीटर घ्याच, भिंतीवर टांगायचा साधा. मी आधी शहाणपणा करून घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर नेला. तो 32 अंशांच्या खाली काही दाखवतच नाही, मी आपली बटण दाबत बसले. साध्या थर्मामीटरची फुगीर बाजू पिल्लांच्या पाठीच्या उंचीला, म्हणजे तुसापासून दोन इंचांवर, घमेल्याच्या कडेखाली यावी. पहिल्या आठवड्यात तिथं 35 अंश सेल्सिअस हवेत. पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी: दुसऱ्यात 32, तिसऱ्यात 29, चौथ्यात 26. कमी करायचं म्हणजे घमेलं दोन-तीन इंच वर घ्यायचं.

आणि हे सगळं पिल्लं यायच्या आधी चालू पाहिजे. थंडीत पूर्ण एक दिवस आधी. हवा तासाभरात तापते, तूस तापत नाही, आणि पिल्लू हवेवर नाही, तुसावर उभं असतं. हात तुसात खोल घालून बघा. खालचं गार लागलं तर अजून वेळ आहे. पिल्लं आल्यावर तासाभरानं दोन-तीन उचला आणि त्यांचे पाय आपल्या गालाला लावा. गार लागले तर जमीन गार आहे, थर्मामीटर काहीही म्हणो. ही खूण मला आमच्याकडच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या बाईंनी दाखवली. तेव्हापासून दर बॅचला मी पिल्लांचे पाय गालाला लावत बसते आणि मुलगा हसतो.

खोकं उघडलं की घाईनं ओतू नका. एकेक पिल्लू हातात घ्या, चोच पाण्यात हलकेच बुडवा, मग सोडा. शंभर पिल्लांना अर्धा तास लागतो. नाकपुड्या बुडवायच्या नाहीत, फक्त चोचीचं टोक. एकानं पाणी ओळखलं की बाकीची बघून शिकतात, पण प्रवासातून आलेली सुकलेली पिल्लं बघत नुसती उभी राहतात, म्हणून हे कष्ट. पाणी उकळून कोमट केलेलं, पहिल्या चार-पाच तासांपुरतं लिटरला 50 ग्रॅम गूळ विरघळवून. त्यानंतर साधं पाणी. गुळाचं पाणी दिवसभर ठेवलं की भांडं चिकट होतं, मागं शी चिकटते आणि मुंग्या लागतात. शंभराला दोन-दोन लिटरची दोन भांडी पुरतात. त्यांच्या वाटीत मुलाच्या जुन्या गोट्या टाकते. चोच जाते, पिल्लू बुडत नाही.

अंड्यातला बलक पोटात शिल्लक असतो, त्यावर पिल्लू दोन-तीन दिवस तगतं. म्हणून तर ती खोक्यात एसटीनं येऊ शकतात. पण त्या भरवशावर राहू नका. पाणी पिऊन तास-दोन तास झाले की मक्याचा बारीक भरडा कागदावरच पसरा. चोची कागदावर पडल्या की पावसाच्या थेंबांसारखा आवाज येतो, त्यानं बाकीची गोळा होतात. दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. पहिल्या आठवड्यात शंभर पिल्लांना रोज किलोभर, आठवड्याच्या शेवटी थोडं जास्त. घरची ज्वारी-बाजरी अख्खी टाकून पैसे वाचवायचा विचार या वयात सोडून द्या.

पहिल्या रात्री झोपण्याआधी दहा-पंधरा पिल्लांची गळ्याखालची पिशवी बोटानं चाचपा. भरलेली, मऊ लागली की खाणंपिणं दोन्ही झालं. टणक लागली तर नुसतं खाल्लंय, पाणी सापडलेलं नाही. रिकामी लागली तर ऊब कमी आहे. गारठलेलं पिल्लू भुकेलं असूनही उबेतून हलत नाही.

आता मुख्य गोष्ट. थर्मामीटर एकदाच बघा आणि पुढं पिल्लंच बघा. सगळी बल्बखाली दाटीनं, चिवचिव मोठी आणि कर्कश, म्हणजे थंडी. घमेलं खाली घ्या. सगळी पत्र्याला चिकटून, चोची उघड्या, पंख सैल, म्हणजे गरम होतंय. वर घ्या. सगळी एकाच बाजूला गोळा, तर बल्बला हात लावू नका. समोरच्या बाजूनं वारा येतोय, फट शोधा. रिंगणभर विखुरलेली, काही झोपलेली, काही टिपणारी, मधूनच एखादं उगाच पळणारं आणि आवाज हलका, एवढं झालं की तुम्ही जेवायला जा.

माझी झोप मात्र पहिले सात दिवस दोन हप्त्यांत. साडेदहाला एक फेरी, पहाटे तीनला दुसरी. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत तीन ते साडेपाच हा वेळ जीवघेणा असतो. संध्याकाळी जे बरोबर होतं ते पहाटे बरोबर नसतं. पहिल्यांदाच करत असाल तर ऐन थंडीत करूच नका. फेब्रुवारीच्या शेवटी पिल्लं आणा, अर्धी काळजी सूर्य घेतो.

लाइट जाणारच. इन्व्हर्टर असेल तर दोन बल्बांना चार-पाच तास निघतात, पण सगळ्यांकडे कुठं असतो? माझा उपाय तेलाचे 5 लिटरचे कॅन. कढत पाणी भरायचं, झाकण घट्ट, भोवती गोणपाट गुंडाळून वरून जुनं लुगडं, आणि रिंगणात चार ठिकाणी आडवे ठेवायचे. पिल्लं येऊन टेकतात. दीड-दोन तासांनी पाणी बदलायचं. चूल पेटती ठेवावी लागते, एवढंच. कोळशाची शेगडी लोक सर्रास ठेवतात. ठेवायचीच तर निखारे बाहेर पूर्ण लाल होऊ द्या, धूर संपू द्या, खाली विटा, वर जाळी, आणि पडदा वरून आणखी उघडा. बंद जागेत निखाऱ्याचा वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि सकाळी सगळी पिल्लं शांत झोपल्यासारखी पडलेली असतात. माणसंही अशीच गेली आहेत. तिथं स्वतः डुलकी काढायला बसू नका.

पहिले तीन दिवस चोवीस तास उजेड ठेवा. चौथ्या दिवसापासून रोज रात्री पंधरा-वीस मिनिटं, तुम्ही तिथं उभे असताना, मुद्दाम बल्ब बंद करा. अंधार म्हणजे काय ते कळू द्या. नाहीतर पहिल्यांदा लाइट जाते तेव्हा सगळी घाबरून एका बाजूला धावतात आणि पुन्हा तो ढीग.

रोजची कामं थोडकी. पाण्याची भांडी दोनदा घासणं. भांड्याभोवतीचं ओलं तूस काढून कोरडं टाकणं. बाकीचं हातानं खालीवर करणं. ओलं तूस म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्ती हगवण, हे पक्कं धरा. कुणाच्या मागं शी चिकटून वाळली असेल तर ओढून काढायची नाही, कोमट पाण्याच्या बोळ्यानं भिजवून पुसायची. कोपऱ्यात डोळे मिटून पंख पाडून उभं असलेलं पिल्लू लगेच वेगळं करा. मेलेलं पिल्लू उकिरड्यावर नाही, खड्ड्यात, वर चुना.

लसीकरणाचं थोडक्यात: मरेक्स रोगाची लस हॅचरीतच होते, विचारून घ्या. सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, डोळ्यात एक थेंब, चौदाव्याला गंबोरो रोगाची, अठ्ठाविसाव्याच्या आसपास लासोटा पुन्हा. मानमोडी आली तर शंभरातलं काही उरत नाही, इथं काटकसर नको. तारखा तुमच्या दवाखान्यात दाखवून घ्या, भागाप्रमाणे थोडं इकडंतिकडं सांगतात. लस बर्फाच्या थर्मासमध्येच आणा आणि फोडली की दोन तासांत संपवा. बाटलीत आपल्या गरजेपेक्षा जास्त डोस असतात. आमच्या वस्तीवरच्या तिघी जणी एकाच आठवड्यात पिल्लं आणतो त्याचं कारण हेच.

तिसऱ्या आठवड्यात पंखांवर खरी पिसं दिसू लागली की दिवसा बल्ब बंद. थंडी असेल तर रात्री एकच चालू. उन्हाळ्यात रिंगण दहाव्या दिवशी काढून टाकते, थंडीत तीन आठवडे ठेवते. पाचव्या आठवड्यात बल्ब पूर्ण बंद. तरी पहिल्या बिनबल्बाच्या रात्री मला राहवलं नाही, तीनला उठून बॅटरी घेऊन गेलेच. काढून ठेवलेल्या रिंगणाच्या पत्र्याच्या दुमडलेल्या काठावर सोळा जणी ओळीनं, माना पंखात घालून. बाकीची खाली, सुटी सुटी. उजेड पडल्यावर एकीनं डोळा उघडला, बघितलं, परत मिटला.

मग घमेली उतरवा, तारेच्या घासणीनं घासून उलटी टांगा. बल्ब मात्र कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. पुढच्या खेपेला दुकानदाराच्या मागच्या फळीवर असतीलच असं नाही.